हलका हात, भरपूर पाणी: जुन्या रेझरने दाढी करताना

माझ्याकडे सतरा जुने रेझर आहेत. त्यातले चौदा उद्या कुणाला देऊन टाकले तरी माझ्या दाढीत काडीचा फरक पडणार नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण या नादाला लागणारा जवळजवळ प्रत्येक जण रेझरपासून सुरुवात करतो. दांडीच्या टोकाची चकती फिरवली की वरची दोन दारं उघडतात, आत ब्लेड ठेवायचं, चकती उलटी फिरवली की दारं मिटतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं हे छोटं यंत्र हातात आलं की माणूस हरखून जातो. मग ब्लेडांची चर्चा सुरू होते. साबणाकडे लक्ष जायला सहा महिने लागतात आणि पाण्याकडे अनेकांचं कधीच जात नाही. मला विचाराल तर दाढी चांगली होते ती याच्या बरोबर उलट क्रमाने: पाणी, मग फेस, मग हात, आणि रेझर सगळ्यांत शेवटी. तरी लिहायला रेझरपासूनच घेतो, कारण तुम्ही एखादा आधीच हेरून ठेवला असणार.

मी मुद्रितशोधक आहे आणि नोकरी रात्रपाळीची. त्यामुळे माझी दाढी संध्याकाळी होते, कुणाची घाई नसताना. मी या वाटेला आलो तो मानेमुळे. जबड्याखाली माझे केस तिरपे उगवतात आणि अनेक पात्यांच्या कार्ट्रिजने तिथे वर्षानुवर्षं लाल पुटकुळ्या उठायच्या. पहिलं पातं केस ओढून धरतं, मागचं पातं तो ताणलेला केस कापतं आणि कापलेलं टोक कातडीच्या खाली मागे सरकतं. सरळ केसांच्या माणसाला हे पचतं. कुरळा किंवा तिरपा केस मात्र वर येताना वाट चुकतो आणि आतच वाढायला लागतो. एकाच पात्याने केस कातडीच्या पातळीवर कापायला लागल्यावर माझी मान दीड-दोन महिन्यांत निवळली. नाद त्यानंतरचा.

रेझर निवडताना

किंग कॅम्प जिलेट याने १९०१ मध्ये कंपनी काढली. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली तेव्हा त्या वर्षात ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पेटंट मिळालं १९०४ मध्ये. वापरून टाकून देण्याइतकं पातळ, तरीही धार धरणारं पोलादी पातं बनवायचं कसं, ही खरी अडचण होती आणि ती विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवली. आपल्या कामाची गोष्ट अशी की ते दुधारी ब्लेड पुढे इतकं रुळलं की आज पाकिटातून काढलेलं ब्लेड शंभर वर्षांपूर्वीच्या जिलेटमध्येही बसतं. एकधारी जेम किंवा इंजेक्टर रेझरचं तसं नाही. त्यांची ब्लेडं वेगळी आणि हुडकावी लागणारी. म्हणून पहिला जुना रेझर दुधारीच घ्या.

त्यातही तीन तुकड्यांचा असेल तर फार बरं. दांडी, खालची पट्टी आणि वरचं टोपण, झालं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस आलेला जिलेट टेक हा असा रेझर आहे. स्वभावाने सौम्य, आणि त्यात बिघडण्यासारखं काही नाहीच. दारं उघडणारे रेझर दिसायला देखणे; त्यातला सुपर स्पीड १९४७ पासूनचा, पुष्कळ बनला, त्यामुळे अजूनही सहज सापडतो. तिसरा प्रकार मापाचा. १९५८ ते १९६१ या काळात बनलेल्या १९५ ॲडजस्टेबलला संग्राहक लाडाने 'फॅटबॉय' म्हणतात. त्याच्या मानेवर १ ते ९ आकड्यांची तबकडी असते. आकडा वाढवला की ब्लेड आणि पट्टीमधली फट वाढते आणि रेझर जास्त आक्रमक होतो. सुरुवात ३ वर करा. तबकडी फिरवण्याआधी खालची चकती थोडी सैल करायची असते. ब्लेड घट्ट आवळलेलं असताना जोर लावून माप बदललं तर आतली यंत्रणा झिजते.

जुन्या जिलेटच्या डोक्याखाली, पट्टीच्या पोटात, एक अक्षर आणि एक आकडा कोरलेला सापडतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचं. डी म्हणजे १९५८, ई म्हणजे १९५९, एफ म्हणजे १९६०. माझ्या फॅटबॉयवर 'ई ३' आहे, म्हणजे तो १९५९च्या जुलै ते सप्टेंबरात बनला. रात्रभर भिंगातून काना-मात्रा शोधणाऱ्या माणसाला हे अक्षर सापडल्यावर काय वाटतं ते सांगत बसत नाही.

घेताना मुलाम्याच्या चकाकीवर भाळू नका. ब्लेड लावा, रेझर डोळ्यांसमोर आडवा धरा आणि दोन्ही बाजूंना ब्लेडची कड सारखीच बाहेर दिसते का ते पाहा. दारं मिटल्यावर मध्ये प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. माझा एक सुपर स्पीड ओल्या हातातून निसटून फरशीवर पडला. वरून ओरखडासुद्धा नव्हता, पण दुसऱ्या दिवशी एका बाजूने दाढी मऊ आणि दुसऱ्या बाजूने कातडी सोलल्यासारखी. भिंगातून पाहिलं तर एक दार केसभर वाकलं होतं. तो आता शोभेला आहे.

जुना रेझर हातात आला की आधी आंघोळ. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, त्यात वीस मिनिटं, मग मऊ टूथब्रश. दांडीवरच्या नक्षीत कुणाच्या तरी अर्ध्या आयुष्याचा साबण दगड होऊन बसलेला असतो. तो एका बैठकीत निघाला नाही तर पुन्हा भिजवा, सुईने उकरू नका. उकळत्या पाण्यात टाकू नका. ब्लीच तर अजिबात नको, मुलामा काळवंडतो. आणि सोन्याचा मुलामा असेल तर घासायचा मोह आवरा. मी एका सोनेरी रेझरवर धातू चकचकीत करायची पेस्ट लावली आणि फडक्यावर आलेला पिवळा रंग पाहून खूश झालो. मळ निघतोय असं वाटत होतं. निघत होतं ते सोनं. पाच मिनिटांत खालचं पितळ उघडं पडलं. स्वच्छ झालेला रेझर शेवटी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं बुडवून वाळवा. कुणाच्या गालावरून फिरलेली वस्तू आहे, इतकी काळजी घ्यायलाच हवी.

जुना रेझर चालतो, जुना ब्रश मात्र नको. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमधून सैनिकांना अँथ्रॅक्स झाल्याची नोंद आहे, आणि त्या जंतूंचे बीजाणू भलतेच चिवट असतात. जुन्या ब्रशची मूठ आवडली तर आतला गुच्छ काढून नवा बसवून घ्या. जुनी ब्लेडंही तशीच. १९६०च्या आधीची बहुतेक ब्लेडं कार्बन पोलादाची असायची आणि गंजायची. विल्किन्सन सोर्ड या ब्रिटिश कंपनीची स्टेनलेस ब्लेडं १९६२ मध्ये गाजली, तेव्हा कुठे एक ब्लेड आठवडाभर चालायला लागलं. जुन्या ब्लेडांची पाकिटं चित्रांसाठी जमवा, गालासाठी नवंच ब्लेड.

ब्लेडबद्दल थोडक्यात

पाच-सहा कंपन्यांची थोडी थोडी ब्लेडं आणा आणि एका कंपनीचं ब्लेड निदान चार दाढ्या वापरल्याशिवाय मत बनवू नका. जपानी फेदर फार धारदार म्हणून ओळखलं जातं. हात बसेपर्यंत ते बाजूला ठेवा. ब्लेड साधारण चार-पाच दाढ्या टिकतं. केस ओढले जायला लागले की बदला, आकडा मोजत बसू नका. आणि ब्लेड टॉवेलने पुसू नका. धारेवर टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा अतिपातळ थर असतो, तो खरवडला जातो. शिवाय बोटंही शाबूत राहतात.

इथे एक गंमत. केस स्टेनलेस पोलादापेक्षा जवळजवळ ५० पट मऊ, तरी धार जाते कशी? २०२० मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून हे पाहिलं. धार सावकाश झिजून बोथट होण्यापेक्षा तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून धारेवर तिरपा भार टाकतो आणि पोलादाची घडण जिथे असमान असते तिथला कण निसटतो. ते वाचल्यापासून मी केस भिजवायला आणखी एक मिनिट जास्त देतो. भिजलेला केस कापायला जोर कमी लागतो.

पाणी आणि फेस

आता खरा मुद्दा. कोरडा खुंट म्हणजे तार समजा. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी मिळालं की तो पाणी शोषतो, फुगतो आणि सहज कापला जातो. म्हणून दाढी आंघोळीनंतर करावी. ते जमत नसेल तर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल तोंडावर धरा, तो थंड झाला की पुन्हा एकदा. माझ्या ओळखीचे लोक हा भाग हमखास टाळतात आणि मग ब्लेडला नावं ठेवतात.

ब्रश कोणताही चालेल. डुकराच्या केसांचा ब्रश आधी पाच-दहा मिनिटं भिजवावा लागतो. नवा असताना तो राठ असतो आणि वीसेक दाढ्यांनंतर केसांची टोकं फाटून मऊ होतो. बिज्जूच्या केसांचा ब्रश पाणी खूप धरतो. कृत्रिम धाग्यांचा भिजवावाच लागत नाही, लगेच सुकतो, वासही येत नाही. सुरुवातीला हाच घ्या. प्राण्यांच्या केसांवाचून काही अडत नाही, हे मला पटायला बरीच वर्षं लागली.

साबण घ्या, डब्यातला फोम नको. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, त्याने फेस दाट आणि टिकाऊ होतो. ते पोटॅशने साबणात बदललेलं असेल तर साबण मऊ आणि पाण्यात पटकन विरघळणारा होतो, कॉस्टिक सोड्याने असेल तर कडक. बहुतेक चांगल्या साबणांत दोन्ही वापरलेले असतात. सोबत ग्लिसरीन असतं, ते पाणी धरून ठेवतं. नावं हवीत तर अनेक आहेत: तुर्कस्तानची आर्को स्टिक, इटलीचा निलगिरी आणि मेन्थॉलवाला हिरवा प्रोरासो, मिलानचा कडू बदामाच्या वासाचा सेला, १९५९ पासूनचा जर्मन टबॅक. माझा रोजचा साबण आर्को आहे. त्याचा वास अनेकांना कपडे धुण्याच्या वडीसारखा वाटतो. मला तोच आवडतो.

फेस करण्याची माझी पद्धत अशी. ब्रश पाण्यातून काढून दोनदा झटकायचा, इतका की थेंब गळू नयेत पण दाबला तर पाणी यावं. साबणाच्या वडीवर तीस सेकंद गोल गोल फिरवायचा. नवखा माणूस इथे दहा सेकंदांत थांबतो आणि फेस पोकळ होतो. ब्रशच्या टोकांवर जाडसर लेप चढलेला दिसला की ब्रश सरळ ओल्या गालावर. आता तो लेप चिकट, मळकट पांढरा आणि निस्तेज असतो. ब्रशची नुसती टोकं पाण्यात बुडवा, चार-पाच थेंब येतील इतकीच, आणि पुन्हा फिरवा. पुन्हा बुडवा, पुन्हा फिरवा. मी असं आठ ते दहा वेळा करतो. पाचव्या-सहाव्या वेळी फेस फुगतो आणि वाटतं, झालं. इथेच थांबू नका. तो फुगलेला फेस म्हणजे हवा आहे. आणखी तीन-चार वेळा पाणी दिलं की मोठे बुडबुडे मोडतात, फेस किंचित खाली बसतो आणि त्यावर ओल्या रंगासारखी चमक येते. ती चमक आली की तयार. बोटांत घेऊन चोळलात तर बोटं एकमेकांवरून निसटली पाहिजेत. बोटं चिकटत असतील तर पाणी कमी. गालावरून ओघळ लागले तर पाणी जास्त. थोडा साबण आणखी घ्या.

आरशासमोर हिमालयासारखा फेसाचा डोंगर दिसावा असं सगळ्यांना वाटतं. त्या डोंगराचा काही उपयोग नाही. काम करतो तो कातडीला लागून असलेला ओला, बुळबुळीत थर. ब्लेड त्यावरून घसरत जातं.

एवढं करूनही फेस होत नसेल, झालेला लगेच विरत असेल आणि वाटीच्या कडेला पांढरट साय धरत असेल, तर दोष तुमचा नाही, पाणी जड आहे. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या मेदाम्लांना पकडतात आणि न विरघळणारी साय बनते. साबणाचा मोठा वाटा त्यातच जातो. मी वर्षभर साबण बदलत राहिलो. एका संध्याकाळी सहज म्हणून फेसापुरतं डिस्टिल्ड पाणी घेतलं. तोच ब्रश, तीच वडी. जो साबण मी नाकारून मागच्या खणात टाकला होता त्याने असा फेस दिला की मी ब्रश हातात धरून नुसता बघत उभा राहिलो. अर्धी वाटी पाणी पुरतं. तोंड धुवायला नळाचं चालतं. हे मला पहिल्या महिन्यात कुणी सांगितलं असतं तर सात-आठ साबण कमी झाले असते.

जुने साबण बाजारात मिळतात, चिनी मातीच्या वाटीत भेगाळलेले. साबण सहसा सडत नाही, नुसता वाळतो. वरचा पातळ थर खरवडून टाका, बाकीचा किसा, थोडं गरम पाणी शिंपडून वाटीत दाबून बसवा आणि दोन दिवस झाकून ठेवा. फेस देतो. सुगंध मात्र बहुतेक उडालेला असतो. कधी कधी नुसता जुन्या तेलाचा खवट वास उरतो. तसा असेल तर सोडून द्या.

हात

आधी एक दिवस दाढी करू नका आणि वाढलेल्या खुंटांवरून बोट फिरवा. ज्या दिशेने गुळगुळीत लागतं ती सुलटी, खरखर लागते ती उलटी. गालावर बहुतेकांचे केस खाली उतरतात, पण मानेवर कुणाचे वर चढतात, कुणाचे आडवे जातात, कुणाचा भोवरा असतो. माझ्या उजव्या जबड्याखाली केस कानाकडे वळतात. मी चेहऱ्याचा नकाशा कागदावर काढून बाण दाखवले आणि तो आरशाच्या कडेला महिनाभर चिकटवून ठेवला होता. घरचे हसले, हसू द्या.

पहिली फेरी सुलटी. रेझर दांडीच्या खालच्या टोकाजवळ, अंगठा आणि दोन बोटांत धरा, मुठीत आवळू नका. टोपणाचा माथा गालाला टेकवा. दांडी तेव्हा भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखी गालातून सरळ बाहेर आलेली असेल. आता दांडी हळूहळू खाली आणा. एका क्षणी धार कातडीला लागल्याचं कळतं. हाच कोन, साधारण ३० अंशांचा. मनगट तिथे रोखा आणि हात चालवा. दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात, लांब फटकारे नकोत. दाब शून्य. जुन्या रेझरची डोकी पितळेची, वजनदार. ते वजनच पुरेसं असतं. कार्ट्रिजने लावलेली दाबायची सवय हीच सगळ्यात हट्टी शत्रू, आणि ती सुटायला मला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी मी सवयीने दाबलं आणि कंठमण्यावर असा काप घेतला की त्या रात्री कॉलरवरचा लाल डाग लपवत मुद्रितं तपासली.

कान वापरा. पंखा बंद करा, नळ बंद करा. कोन बरोबर असेल तर खुंट कापले जाताना बारीक कुरकुर ऐकू येते, कोरड्या वाळूवर चप्पल घासल्यासारखी. आवाज एकदम थांबला म्हणजे एकतर केस संपले किंवा ब्लेड कातडीवरून उचललं गेलं. खरखर मोठी झाली तर कोन जास्त झाला. मी रात्री जागणारा असल्याने घर शांत असताना दाढी करायचा कंटाळा येत नाही, आणि आवाजावरून जितकं शिकलो तितकं डोळ्यांनी शिकलो नाही.

कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरा. ओठांच्या वर हात पुरत नाही, तिथे वरचा ओठ दातांवर ओढून घ्या. हनुवटीवर केस दाट आणि हाड पुढे आलेलं, तिथे बोटभर पट्ट्यात काम करा. कंठमण्याच्या वेळी घोट गिळून धरला की कातडी वर सरकते, किंवा ती बाजूला ओढून सपाट भागावर घ्या. दोन-तीन हात झाले की रेझर पाण्यात धुऊन बाजू बदला. आणि रेझर गालावर असताना कधीही आडवा सरकवू नका. कापणं म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं.

पहिली फेरी झाली की तोंड ओलं करा आणि पुन्हा फेस लावा. फेस नसलेल्या जागेवरून दुसरा हात मारायचा नाही, हा एवढा एकच नियम मी कधी मोडत नाही. दुसरी फेरी आडवी, कानाकडून नाकाकडे. तिसरी उलटी, आणि ती पहिला महिनाभर करूच नका. मी मानेवर आजही उलटा हात मारत नाही. बोटाला किंचित खरखर लागते, लागू दे. ती खरखर मलाच कळते, पुटकुळ्या मात्र सगळ्यांना दिसतात.

उघडा वस्तरा हे वेगळं प्रकरण आहे. मी डावखुरा, आणि सेफ्टी रेझर दोन्ही हातांना सारखाच, पण वस्तरा डाव्या हातात घेतला की पाहिलेलं सगळं आरशात उलटं होतं. तरी आठवड्यातून एकदा करतो. दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या, पाठ पुढे ठेवून, धार मागे; शेवटाला वळवताना वस्तरा पाठीवर उलटायचा, धारेवर उलटलात तर पट्टा चिरतो. माझ्या पट्ट्यावर असे तीन चीर आहेत. जर्मनीतल्या झोलिंगेनचा किंवा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा जुना वस्तरा घेतलात तर पात्यावर आडवी भेग, धारेशी गंजाचे खड्डे नाहीत ना ते पाहा आणि पहिली धार जाणकाराकडून लावून घ्या. सेफ्टी रेझरवर निदान सहा महिने काढल्याशिवाय याकडे वळू नका.

तुरटी आणि आफ्टरशेव्ह

शेवटी गार पाणी, भरपूर. मग तुरटीचा गुळगुळीत ठोकळा ओला करून सगळ्या चेहऱ्यावरून फिरवा. तुरटीने बारीक जखमा आकसतात, रक्त थांबतं. पण मला ती आवडते ते तिच्या चुगलखोरीसाठी. जिथे तुम्ही दाबलं, कोन चुकला किंवा कोरड्यावर हात मारला, नेमकं तिथेच झोंबतं. मी महिनाभर रोज एका ओळीत लिहून ठेवलं: 'डावा जबडा झोंबला', 'हनुवटी ठीक'. बाविसाव्या दिवशी पहिल्यांदा 'काही नाही' लिहिलं. अर्ध्या मिनिटाने तुरटी धुऊन टाका, नाहीतर कातडी ओढल्यासारखी होते. आणि ओली तुरटी फार निसरडी. माझा पहिला ठोकळा वॉशबेसिनमध्ये पडून तीन तुकडे झाला. आता तेच तीन तुकडे वापरतो.

आफ्टरशेव्ह दोन जातींचं. अल्कोहोलचं पाणी झोंबतं, पटकन उडतं, वास देतं. बाम दुधासारखा असतो, झोंबत नाही. कोरडी कातडी असेल तर बामच बरा. मेन्थॉल असलेलं लावलं की थंडी वाजते, पण कातडीचं तापमान फारसं बदललेलं नसतं. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना मेन्थॉल परस्पर चाळवतं, इतकंच. जुन्यांत अक्वा व्हेल्वा १९१७चं, स्पेनचं फ्लोईड १९३२चं, पुरुषांसाठीचं ओल्ड स्पाइस १९३८चं. ओल्ड स्पाइस तेव्हा शुल्टन कंपनीचं होतं. १९९० मध्ये ते प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे गेलं. शुल्टनच्या काळातली जहाजाच्या चित्राची पांढरी बाटली मिळाली आणि आत थोडं उरलेलं असलं, तर आधी मनगटावर लावून एक दिवस थांबा. अल्कोहोल असल्यामुळे ते टिकतं, फक्त लिंबू-संत्र्यासारखे वरचे वास आधी उडून जातात आणि मसाल्याचा, लाकडाचा तळ उरतो. मला तो उरलेला वास नव्यापेक्षा जास्त भावतो. बाटली उन्हापासून दूर, अंधाऱ्या खणात ठेवा.

तळहातावर चार-पाच थेंब, दोन्ही हात चोळायचे, गालांवर दाबायचे, चापट्या नकोत. एवढ्याने पुरे, बसमधल्या शेजाऱ्याला तुमचा आफ्टरशेव्ह ओळखता येऊ नये.

आवराआवर मी दाढी झाल्या झाल्याच करतो, नाहीतर ती राहतेच. ब्रश कोमट पाण्यात साबण जाईपर्यंत धुवायचा, झटकायचा, टॉवेलवर दोनदा फिरवायचा आणि हवेशीर जागी ठेवायचा. बंद कपाटात ठेवलेल्या ओल्या ब्रशला आठवड्यात कुबट वास येतो. तीन तुकड्यांचा रेझर असेल तर आठवड्याला एकदा उघडून धुवा. वापरलेलं ब्लेड उघडं कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्याच्या हाताचा विचार करा. अमेरिकेतल्या जुन्या घरांत स्नानघराच्या कपाटाला मागे एक बारीक फट असायची. लोक तीतून ब्लेडं आत सरकवायचे आणि ती भिंतीच्या पोकळीत पडून राहायची. आजही घर पाडताना मूठमूठ गंजकी ब्लेडं बाहेर येतात. माझ्याकडे झाकणाला फट पाडलेला पत्र्याचा डबा आहे. दहा वर्षं झाली, अजून अर्धा भरलेला नाही.